माळावर चिंकारे आहेत. झाडं लावावीत का, पाणी कुठं ठेवावं?

रानपाखरू

नमस्कार. आमचं गाव इंदापूर तालुक्यात. गावाच्या वरच्या अंगाला गायरान आणि त्याला लागून वन विभागाची हद्द, असा मिळून मोठा माळ आहे. मुरमाड, खडकाळ, चढउताराचा. पावसाळ्यात गुडघाभर गवत होतं आणि संक्रांतीनंतर सगळं पिवळं पडतं. या माळावर चिंकारे आहेत. दोन-तीनच्या, कधी पाच-सहाच्या घोळक्यात दिसतात. लहानपणापासून बघत आलोय, पण गावात सगळे नुसतं 'हरणं' म्हणतात आणि बरेचजण काळवीटच समजतात.

गेल्या उन्हाळ्यात कुत्र्यांनी एक मादी फाडली. आम्ही ओरडत पोचेपर्यंत तिची मागची मांडी उघडी पडली होती. ती वाचली नाही. तेव्हापासून आम्हा मित्रांच्या मनात आहे की या जनावरांसाठी काहीतरी करायचंच. वर्गणी जमली आहे, एका कंपनीकडून रोपंही मिळणार आहेत. बेत असा आहे की माळावर झाडं लावायची, म्हणजे सावली आणि पाला दोन्ही होईल. ठिकठिकाणी सिमेंटच्या टाक्या बांधून उन्हाळ्यात टँकरने पाणी भरायचं. आणि रोपं जगावीत म्हणून भोवतीने काटेरी तारेचं कुंपण घालायचं.

कोणती झाडं लावावीत? टाक्या किती अंतरावर असाव्यात? आणि आणखी एक. पावसाळा सरताना बांधाच्या कडेला गवतात एकटंच पडलेलं पाडस कधीकधी सापडतं. मागे शेजारच्या वस्तीवर एकाने असं पाडस घरी आणलं, बाटलीने गाईचं दूध पाजलं. ते काही दिवसांतच मेलं. पुन्हा सापडलं तर नेमकं काय करायचं?

जाणकारांनी कृपया सांगावं. पाऊस पडायच्या आत कामाला लागायचं आहे.


हिरवीवाट

फार चांगला उपक्रम! आमच्याकडे उघड्या टेकडीवर आम्ही कडुनिंब, करंज आणि गिरीपुष्प लावलं होतं. गिरीपुष्प सगळ्यात लवकर वाढतं, जनावरं तोंड लावत नाहीत त्यामुळे राखणही कमी लागते. आडवे चर खणून घ्या, पाणी मुरेल. दोन-तीन वर्षांत माळ ओळखू येणार नाही. शुभेच्छा.


मेंढका

रानपाखरू भाऊ, तुमची तळमळ खरी आहे म्हणून सरळ लिहितो. झाडं लावू नका. कुंपण तर नकोच नको. पाण्याचं मागाहून बोलू.

माझं बालपण मेंढरामागं गेलं. बारामती, दौंड, इंदापूर, पुढं करमाळ्यापर्यंतचे माळ पायाखालचे आहेत. आता वाडा, म्हणजे मेंढरांचा फिरता तळ, घेऊन फिरत नाही, पण अभ्यासाला येणाऱ्या मुलांबरोबर याच माळांवर जातो. चिंकारा मी तेव्हापासून बघतोय, तरी अजून बघत बसावंसं वाटतं.

आधी हा माळ म्हणजे काय ते बघा. आपल्याकडं वर्षाला पाचशे मिलीमीटरच्या आसपास पाऊस, तोही लहरी. वर वीतभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. अशा जमिनीवर निसर्गानंच गवत आणि तुरळक काटेरी झाडं ठेवली आहेत. कुसळी, पवना, मारवेल. मधूनमधून हिवर, बोरी, खैर, बाभूळ. कुणी जंगल तोडलं म्हणून हा माळ झाला असं सगळीकडं धरून चालतात, सरकारी दप्तरात त्याला 'पडीक' म्हणतात आणि मग तिथं एमआयडीसी, वृक्षलागवड, कचरा डेपो, काहीही चालतं. माळ हा पूर्ण वाढलेला अधिवास आहे. लांडगा, खोकड, तरस, धाविक, माळटिटवी, चंडोल, चिंकारा हे सगळे त्या उघडेपणावरच जगतात.

चिंकाऱ्याचा बचाव म्हणजे त्याची नजर. एकदा पहाटे टेकाडाआड वाऱ्याच्या खालच्या अंगाला बसून बघा. खांद्याला जेमतेम दोन-सव्वादोन फूट उंच, वजन वीस-बावीस किलो, पाठ तांबूस मातकट, पोट पांढरं, आणि दोन्हींच्या मधून गडद तपकिरी पट्टा. डोळ्याखालून नाकपुडीपर्यंत उतरलेली काळसर रेघ. शेपूट काळी, आणि ती क्षणभर स्थिर नसते. चरताना दोन घास घेतले की मान वर. काही खटकलं तर पुढचा पाय जमिनीवर आपटतो, नाकातून शिंकेसारखा तीव्र आवाज काढतो आणि घोळका निघतो. पण फार लांब पळत नाही. दीडदोनशे पावलं जाऊन थांबतो, वळतो, तुमच्याकडं तोंड करून उभा राहतो. मागं वळून बघता आलं पाहिजे, हा त्याच्या जगण्याचा पाया आहे. गिरीपुष्पाच्या दाट रांगा लावल्या की ती नजरच बंद होते. कुत्रं तीस फुटांवर येईस्तोवर त्याला पत्ता लागत नाही. शिवाय त्या सावलीत गवत मरतं, आणि हिरवीवाट यांनीच लिहिलंय की गिरीपुष्पाला जनावर तोंड लावत नाही. मग त्यानं खायचं काय? सोलापूर, पुणे, नगरच्या कित्येक माळांवर अशी लागवड झाली आहे. जिथं माळढोक नाचायचा तिथंही झाली. आडव्या चरांचंही तेच. खणताना वर्षानुवर्षांचं गवताचं ठोंब उपटून निघतं आणि त्या ढिगाऱ्यावर पुढं घाणेरी, रानतुळस, गाजरगवत माजतं.

काळवीट आणि चिंकारा यांची गल्लत होते ती अशी सोडवा. काळविटाच्या नराची शिंगं पिळदार, लांब. मादीला सहसा शिंगं नसतात. चिंकाऱ्यात दोघांनाही असतात. नराची कड्या-कड्यांची, किंचित मागं जाऊन टोकाशी पुढं वळलेली. मादीची बारीक, आखूड, गुळगुळीत. आणि जागाही वेगळी. सपाट, मोकळं पठार काळविटाला आवडतं. नगरकडचं रेहेकुरी, सोलापूरकडचं नान्नज ही अभयारण्यं बघा. चिंकारा उंचसखल, दगडगोट्याचा, झुडपांचा माळ धरतो, ओहोळाच्या काठानं चढतो-उतरतो. तुम्ही वर्णन केलेला माळ त्याचाच आहे.

आता पाणी. चिंकारा मूळचा कोरड्या मुलखाचा. राजस्थान-गुजरातचं वाळवंट आणि त्याच्या कडेकडेनं खाली आपल्या दख्खनच्या पर्जन्यछायेपर्यंत त्याचा वावर. तिकडं पाकिस्तान आणि इराणपर्यंत. पाणी मिळालं तर पितो, त्यात शंका नाही. पण पानं, शेंगा, फळं आणि पहाटेचं दव यांतल्या ओलीवर तो दिवसच्या दिवस काढतो. म्हणून तो चरतो पहाटे आणि संध्याकाळी, पानात ओल जास्त असते तेव्हा. दुपारी हिवराच्या किंवा बोरीच्या तुटपुंज्या सावलीत बसून राहतो. लेंड्या कोरड्याठक्क असतात. उन्हाळ्यात बोरीच्या झुडपाशी त्याला खाताना बघण्यासारखं असतं. निमुळतं तोंड काट्यांच्या मधून घालून एकेक बारीक पान ओठानं काढून घेतो, एवढ्या काट्यांत कुठं अडकत नाही. आपल्याकडं बांध साफ करायचा म्हणून पहिली कुऱ्हाड बोरीवर पडते. चिंकाऱ्यासाठी काही राखायचंच असेल तर ती बोर राखा.

बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यावर मचाण बांधून गणना होते. त्यात चिंकारे कमी दिसले की लोक म्हणतात संपले. माझ्या मते चिंकारा मोजायची ती रीतच नव्हे. ज्याला पाण्यावर यायची गरज कमी, तो पाण्यावर दिसणार कसा? त्यापेक्षा माळावर चालत फिरा आणि लेंड्यांचे ढीग शोधा. चिंकारा ठरलेल्या जागी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, विशेषतः नर, आपली हद्द सांगायला. खाली जुन्या, उन्हानं पांढुरक्या पडलेल्या. वर ताज्या, काळ्या, चकाकणाऱ्या. असे ढीग कुठं कुठं आहेत याचा साधा नकाशा तुम्ही पोरांनी केलात तर माळाचा कुठला भाग त्यांच्या खऱ्या वापरात आहे ते कळेल. वृक्षारोपणापेक्षा हे काम दहापट मोलाचं आहे.

पाणवठा करायचाच झाला तर एखादाच करा, गावापासून आणि डांबरी रस्त्यापासून लांब, उघड्यावर. उभ्या भिंतीची टाकी नको. उथळ, बशीसारखी, चहूबाजूंनी हलका उतार, म्हणजे पाडस किंवा कासव पडलं तरी चालत बाहेर येईल. आणि एकदा सुरू केलं तर पावसापर्यंत बंद पाडू नका. वन विभागाच्या हद्दीत करायचं असेल तर त्यांना विचारल्याशिवाय एक विटही ठेवायची नाही.


डॉ. माळी (पशुवैद्यक)

पाडसाच्या प्रश्नाचं उत्तर मी देते, कारण दरवर्षी माझ्याकडे असं एखादं तरी येतं.

ते पाडस पोरकं नसतं. चिंकाऱ्याची आई पहिले काही आठवडे पिलाला गवतात लपवून ठेवते आणि स्वतः लांब जाऊन चरते. बरोबर फिरवलं तर शत्रूच्या नजरेला पडेल, म्हणून. पिलू मान जमिनीवर पसरून, कान मागे चिकटवून निपचित पडून राहतं. तुम्ही अगदी जवळ गेलात तरी हलत नाही, आणि नेमकं त्यामुळेच लोकांना ते आजारी वाटतं. आई दिवसातून काही वेळा येऊन पाजून जाते. तुम्ही तिथे उभे असाल तर ती येणार नाही. म्हणून हात न लावता, फोटोसाठी न रेंगाळता निघून यायचं. जवळपास कुत्री असतील तर लांबून राखण करावी. अंगावर जखम असेल, डोळ्यांवर माश्या बसत असतील, किंवा आई मेलेली डोळ्यांनी दिसली असेल, तरच मदत बोलवा. वन विभागाचा १९२६ हा टोल फ्री क्रमांक आहे.

गाईचं दूध बाटलीने पाजलं की हगवण लागते, किंवा दूध फुफ्फुसात जातं. दोन्हींत पिलू मरतं. जगलंच, तर माणसाळतं. माणसाळलेला नर मोठा झाला की शिंगांनी लहान मुलांना इजा करू शकतो, आणि त्याला पुन्हा माळावर सोडताही येत नाही. कायद्याचं वेगळंच. चिंकारा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. दयेपोटी का होईना, घरी बाळगणं हा गुन्हा ठरतो.

मोठं जखमी जनावर सापडलं तर एक गोष्ट गावात सगळ्यांना सांगून ठेवा. या जातीची जनावरं भीतीनेच मरतात. जिवाच्या आकांताने पळून, मग धरून ठेवल्यावर धडपडून स्नायू अक्षरशः तुटतात, त्यातले घटक रक्तात उतरून मूत्रपिंड निकामी करतात. कधी तासाभरात, कधी दोन-तीन दिवसांनी. जखम किरकोळ असून दगावलेली जनावरं मी पाहिली आहेत. म्हणून पाठलाग करायचा नाही. पडलेलंच असेल तर डोळ्यांवर हलकं कापड टाकायचं, सावलीत ठेवायचं, घोळका हटवायचा, कुणी बोलायचं नाही, तोंडात पाणी ओतायचं नाही. एक माणूस पुरे. बाकीच्यांनी रस्त्यावर थांबून गाडीला वाट दाखवावी.


रानपाखरू

मेंढका काका, डॉक्टर ताई, मनापासून आभार. पाडसाबद्दल तर आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हतं. हे मी छापून शाळेत आणि दूध डेअरीवर लावणार आहे. रोपांचं काय करायचं ते बघतो, गावठाणात आणि शाळेच्या आवारात लावता येतील.

पण काका, कुत्र्यांचं काय? आणि कुंपणाला एवढा विरोध का? कुंपण घातलं तर कुत्री आत येणार नाहीत, असा आमचा हिशेब होता.


मरुभूमी

मी मूळचा सांगलीकडचा, नोकरीनिमित्त बरीच वर्षं जैसलमेर-जोधपूर भागात आहे. कुंपणाबद्दल इकडचं सांगतो, कारण चिंकाऱ्यांची सगळ्यात मोठी वस्ती याच थारच्या वाळवंटात आहे आणि जे तुमच्याकडे आता सुरू होतंय ते इथे मोठ्या प्रमाणावर घडून गेलंय.

इथे चिंकारा राज्यप्राणी आहे. (२०१४ पासून उंटही, पण चिंकारा आधीपासूनचा.) जैसलमेर आणि बाडमेर मिळून पसरलेलं डेझर्ट नॅशनल पार्क ३१६२ चौरस किलोमीटरचं आहे, म्हणजे तुमच्या सुप्याजवळच्या मयूरेश्वर अभयारण्याच्या, जे फक्त ५.१४ चौरस किलोमीटर आहे, सहाशे पट. तरी इथलाही चिंकारा बहुतांशी अभयारण्यात राहत नाही. तो राहतो गावांच्या शिवारात, पडजमिनीत आणि ओरणांत. ओरण म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं गायरान, तिथे कुऱ्हाड चालत नाही. बिष्णोईंच्या गावांत चिंकारे अंगणापर्यंत येतात. गुरू जांभेश्वरांनी १४८५ मध्ये हा पंथ सुरू केला, एकोणतीस नियम घालून दिले; जीवदया आणि हिरवं झाड न तोडणं हे त्यांतले दोन. १७३० मध्ये जोधपूरजवळच्या खेजडली गावात खेजडीची झाडं वाचवताना ३६३ माणसांनी प्राण दिले, अमृतादेवी त्यांत पहिली. खेजडी म्हणजे आपली शमी. तिच्या गळून पडलेल्या शेंगा चिंकारा आवडीने वेचतो, म्हणजे त्या झाडाचं आणि या प्राण्याचं रक्षण एकत्रच होत आलंय. मी अनेकदा बघतो, संध्याकाळी शेतातला माणूस काम आवरत असतो आणि त्याच्यापासून हाकेच्या अंतरावर चिंकारी पिलासह चरत असते. दोघांपैकी कुणालाच घाई नसते. हे बघून मला दरवेळी भरून येतं.

आता कुंपण. पूर्वी शेताला बोराटीच्या फांद्यांचं कुंपण असायचं, जनावर त्यातून वाट काढायचं. इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं, वर्षातून दोन-दोन पिकं होऊ लागली आणि मैलोन् मैल काटेरी तार आली. काही ठिकाणी पात्याची तार, तिने तर मांस सोलून निघतं. मोकळ्यावर चिंकारा कुत्र्याला सहज मागे टाकतो. कुत्र्यांची टोळी त्याला तारेकडे रेटते, तो तारेत अडकतो, बाकीचं लिहवत नाही. तुमच्या मित्रांनी कुंपण घातलं तर कुत्री खालून उकरून आत येतीलच. बाहेर पडायची वाट मात्र चिंकाऱ्याला राहणार नाही. शिवाय आता सौर प्रकल्प आहेत. फलोदीजवळचं भडला सोलर पार्क २२४५ मेगावॅटचं. वीज हवी, हे मला मान्य आहे, मी त्याच क्षेत्रात काम करतो. पण 'ओसाड जमीन' म्हणून जे नकाशावर रिकामं दिसतं ते रिकामं नसतं, हे जागा निवडताना कुणीतरी ठामपणे म्हणायला हवं, आणि मी माझ्या बैठकांत ते म्हणतो.

पावसाळ्यातली एक गोष्ट. तुम्हाला वाटेल उन्हाळा वाईट. इथले लोक सांगतात की सगळ्यात जास्त चिंकारे पहिल्या मोठ्या पावसानंतर मरतात. भिजलेल्या नांगरटीत त्यांचे बारीक टोकदार खूर रुततात, वेग राहत नाही. कुत्र्याचा पंजा पसरट, तो रुतत नाही. तुमच्याकडे तर काळी माती, तिथे हे आणखी वाईट असणार. त्या दिवसांत माळाच्या कडेच्या शेतांवर लक्ष ठेवा.

आणि पाणी. इथे शेतकरी कालव्याचं पाणी साठवायला 'डिग्गी' करतात, उभ्या निसरड्या उताराचा मोठा हौद. चिंकारे, नीलगाई त्यात पडतात आणि वर येता येत नाही. गोल गोल पोहून दमतात. आपल्याकडच्या प्लास्टिक कागद घातलेल्या शेततळ्यांचंही असंच होतं. शेततळ्याच्या दोन कोपऱ्यांत जाड दोरखंडाची जाळी किंवा काथ्याची चटई वरून खाली पाण्यापर्यंत सोडली, वर पक्की बांधली, तर खूर ठरतो आणि जनावर बाहेर येतं. माणसाचं मूल पडलं तरी तीच चटई उपयोगी.

पाण्याबद्दल एक अभ्यासातली माहिती, मला ती फार विलक्षण वाटते. अरबस्तानातल्या वाळवंटी गॅझेलवर, म्हणजे चिंकाऱ्याच्या चुलतभावंडावर, संशोधन झालंय. बरेच दिवस चारा-पाणी तुटलं की त्याचं यकृत आणि हृदय आकाराने लहान होतं. त्यामुळे ऑक्सिजन कमी लागतो, श्वास कमी घ्यावा लागतो आणि श्वासावाटे जाणारं पाणी वाचतं. चिंकाऱ्यात हेच घडतं असा दावा मी करत नाही, पण या कुळाने कोरडेपणाशी किती खोलवर जमवून घेतलंय ते यावरून लक्षात यावं. अशा प्राण्याला टँकरची गरज नाही.


मेंढका

मरुभूमी साहेबांनी कुंपणाचं सांगितलं, त्याला जोड एवढीच. कुणाला शेताच्या राखणीसाठी तार घालावीच लागली, तर सगळ्यात खालची तार गुळगुळीत असावी आणि जमिनीपासून दीड फूट तरी वर. चिंकारा खालून निघून जातो.

कुत्र्यांचं मूळ माळावर शोधू नका. लांडगा हजारो वर्षं चिंकाऱ्याला खात आला, तरी दोघं टिकले. चित्ताही होता, त्याचं मुख्य खाणं काळवीट आणि चिंकाराच. १९५२ मध्ये तो देशातून संपल्याचं जाहीर झालं. लांडगा म्हातारं, आजारी, चुकलेलं जनावर धरतो, पोट भरलं की थांबतो, आणि एका टोळीला मोठा मुलूख लागतो म्हणून त्यांची संख्या मर्यादेत राहते. कुत्र्याचं तसं नाही. त्याचं पोट गावात भरतं. मेलेल्या कोंबड्या पोल्ट्रीवाले ओढ्यात फेकतात, मेलेलं वासरू माळावर टाकतात, ढाब्याचं उष्टं रस्त्याकडेला पडतं. त्यावर टोळ्या पोसल्या जातात आणि मग हौसेनं हरणामागं लागतात. शिकार मिळाली नाही तरी उपाशी राहत नाहीत, त्यामुळं चिंकारे कमी झाले तरी कुत्री कमी होत नाहीत. त्यांच्यामुळं लांडग्याला आणि खोकडाला रोग लागतात ते वेगळंच. पुण्याजवळच्या माळांवर कुत्रं आणि लांडगा यांचा संकर झाल्याचं डीएनए तपासणीत सिद्ध झालंय. मला त्या बातमीनं फार वाईट वाटलं होतं.

कुत्री मारायची नाहीत, विष तर अजिबात घालायचं नाही. त्यानं लांडगे, गिधाडं, घारी, सगळे जातात, आणि ते बेकायदा आहे. तुमच्या वर्गणीतून जनावरांच्या दवाखान्याच्या मदतीनं गावातल्या आणि वस्त्यांवरच्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस करून घ्या. पोल्ट्रीवाल्यांना बसवून बोला, मेलेल्या पक्ष्यांसाठी झाकणाचा खोल खड्डा हवाच. मेंढपाळांची कुत्री वाड्याबरोबर असतात, ती सहसा माळ सोडून हरणामागं जात नाहीत; तरी आमच्या लोकांशीही बोला, ते ऐकतील. चिंकारा कुठं आहे, लांडग्यानं कुठं पिल्लं घातली आहेत, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. माळ बंद करून त्यांना हाकलायचं काहीजण सुचवतात, त्याला माझा विरोध आहे. बेताची चराई असली तर गवत आखूड आणि खुलं राहतं, चिंकाऱ्याला तेच रुचतं. अति झाली तर नुसता मुरूम उरतो, हेही खरं. कुठला भाग कधी मोकळा ठेवायचा ते बसून ठरवा. गवत कापायचं ते बी पडल्यावर कापा, आणि मधे मधे न कापलेले पट्टे सोडा, पाडसं त्यातच बसतात. माळाला काडी लावायची पद्धत असेल तर ती मात्र थांबवाच.

शेतकऱ्यांची बाजूही ऐकून घ्या. कोवळा हरभरा, मटकी, मूग यांवर चिंकारे येतात. नुकसान रानडुकराएवढं नसतं, पण ज्याचं होतं त्याला लागतं. हरणांनी केलेल्या नुकसानीची भरपाई वन विभागाकडून मिळते. पंचनामा वेळेत व्हावा म्हणून अर्ज लगेच करावा लागतो. तुमच्यातला एखादा शिकलेला पोरगा लोकांचे अर्ज भरून देत असेल तर गाव चिंकाऱ्याच्या बाजूनं उभं राहील. सगळ्यात मोठा धोका मला कुत्र्यापेक्षाही पुढचा दिसतो. कालव्याचं, उपशाचं पाणी वर वर चढतंय, माळ फोडून ऊस होतोय. उसात बिबट्या राहतो, चिंकारा राहत नाही. ज्याला जमीन आहे त्यानं पीक घेऊ नये असं मी कुठल्या तोंडानं सांगू? गायरान आणि वनाची हद्द तरी गवताची राहू द्या, एवढंच मागणं आहे.

त्यासाठी ग्रामसभेत ठराव घ्या. ग्रामपंचायतीची जैवविविधता व्यवस्थापन समिती कागदोपत्री असेलच. तिच्या लोकजैवविविधता नोंदवहीत हा माळ 'गवताळ प्रदेश' म्हणून, चिंकारा, लांडगा, खोकड यांच्या नावानिशी, तुमच्या त्या लेंड्यांच्या ढिगांच्या नकाशासकट नोंदवून घ्या. उद्या कुणी त्या जागेवर लागवड किंवा प्लॉट आणला तर दाखवायला हातात कागद असेल. कडबनवाडीचा माळ तुमच्याच तालुक्यात आहे. वन विभागानं तिथं गवताळ प्रदेशाची सफारी सुरू केली आहे, लोक पैसे भरून चिंकारा आणि लांडगा बघायला येतात. तुमच्या सरपंचांना आणि दोन-चार पोल्ट्रीवाल्यांना घेऊन एकदा पहाटे तिथं जाऊन या.


रानपाखरू

ठरलं. कुंपण रद्द, रोपं शाळेच्या आवारात. उद्यापासून माळाच्या कडेच्या शेततळ्यांची यादी करतोय, पाऊस पडायच्या आत दोरखंडाच्या जाळ्या सोडून घेतो. मरुभूमी साहेब, जाळीचा फोटो असेल तर इथे टाका. काका, लेंड्यांचे ढीग शोधायला सुरुवात टेकाडावरून करायची की ओहोळाकडून?


मेंढका

टेकाडाच्या सोंडेवरून. जिथून चहूकडं दिसतं अशा सपाट जागा आधी बघा, मग तिथून निघणाऱ्या पायवाटा धरून ओहोळाकडं उतरा. सकाळी लवकर जा, उन्हं तिरपी असली की ताज्या लेंड्या लगेच दिसतात. एखाद्या रविवारी कळवा, मी येतो.